दोष खाँसाहेबांच्या आवाजाचा नाही

तळवड्यात रेकॉर्ड ऐकणारे आम्ही मूठभर, पण वाद एकच: कुणाचा फोनो स्टेज महाग? प्रश्न किमतीचा नाहीच. साधारण फोनो स्टेज १९५४ च्या आरआयएए मापाने बास वाढवतो, ट्रेबल उतरवतो. एलपीला ते योग्यच. पण अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या त्या मापाच्या नाहीतच. दहा हजार हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल छाटायचे, वर एलपीची बारीक सुई लावायची आणि म्हणायचं, "जुनं रेकॉर्डिंग दबकंच!" ही खाँसाहेबांशी बेइमानी आहे. लाखाची पेटी राहू द्या. माप बदलता येणारा साधा फोनो स्टेज आणि ७८ ची जाड सुई घ्या. मग निकाल द्या.