कोरड्या खडीची साक्ष

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात खडकात कोरलेल्या कोरड्या घळी, पाण्यावाचून उभे असलेले धबधब्यांचे कडे आणि खडीचे टेकडीएवढे ढीग आहेत. १९२३ मध्ये भूशास्त्रज्ञ हार्लन ब्रेट्झ यांनी त्यांवरून प्राचीन महापुराचे अनुमान काढले. भूरूपे संथपणेच घडतात, असे मानणाऱ्या विद्वानांनी ते धुडकावले. एवढे पाणी आले कोठून, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर नाही म्हणून पुरावाच नाकारणे मात्र रास्त नव्हते. पुढे हिमाचा बांध फुटून मिसूला सरोवर रिते झाल्याचे मान्य झाले. १९७९ मध्ये, नव्वदी उलटलेल्या ब्रेट्झ यांना पेनरोझ पदक लाभले. सिद्धांताशी न जुळणारे आकडे आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापकही असेच दृष्टीआड करतो. विद्यार्थ्याने गैरसोयीची शंका काढली, तर निदान त्याला गप्प बसवू नये.