डुकराला डुक्कर म्हणा

मराठीत डुक्कर शिजत नाही, पोर्क शिजतं. जयपूरला राहून मी पाककृतींचेही अनुवाद करते. अशाच एका पुस्तकात कोळशाच्या केटल ग्रिलवर डुकराचा अख्खा खांदा धुरावण्याची कृती होती. मी ‘डुकराचा खांदा’ लिहिलं. छापून आलं ‘पोर्क शोल्डर’. कारण विचारलं तर उत्तर एका ओळीचं : वाचकाला किळस येईल.

किळस नेमकी कशाची? कृती तर तीच राहिली. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, जवळ पाण्याचं भांडं. झाकणाची भोकं कमीजास्त करून आच ११०-१२० अंशांवर धरायची, आठ-दहा तास. मध्येच मांसाचं तापमान तासन्‌तास अडून बसतं, कारण बाहेर येणारं पाणी वाफ होताना त्याला गार ठेवतं. आतून ९०-९५ अंश झाले की चिवट कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि खांदा बोटांनी सुटतो. यातलं काहीच किळसवाणं वाटलं नाही. वाटला तो एक शब्द.

‘मटण, चिकन म्हणतोच की!’ हा बचाव ठरलेला. पण चिकन आल्यानं कोंबडी हद्दपार झाली नाही. कोंबडी-वड्यांची पाटी अभिमानानं लागते. गोव्यातला ख्रिस्ती माणूस ‘दुकरामास’ म्हणताना आवाज खाली आणत नाही. आपल्यालाच सोवळं लागतं.

आणि हे सोवळं प्राण्याचं नाही, खाणाऱ्याचं आहे. राजस्थानात रानडुकराची शिकार हा राजपुतांचा मान. मेवाडच्या वसंतातल्या शिकारीत रानडुक्कर गौरीला अर्पण होई, असं टॉडनं एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली. काचरीत मुरवून, लवंग-तुपाचा धुंगार दिलेले सुळे आता बकऱ्याचे होतात, पण हॉटेलांत त्यांच्यासोबत शिकारीच्या कथा अजून वाढल्या जातात. पाळीव डुकराचं प्राक्तन वेगळं. ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’मध्ये ते वस्तीतलं आहे, नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त ते पकडणाऱ्याच्या कपाळी अपमान आहे. ‘फँड्री’ हा कैकाडी शब्द, अर्थ डुक्कर. तो कळला नाही म्हणून तिकीट काढताना कुणाला किळस आली नाही.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त डुकराचे केस काढून ते भाजण्याची रीत सविस्तर आहे. राजाच्या ताटातलं ते वराह, वस्तीतलं डुक्कर, आणि इंग्रजी शिकलेल्यांचं पोर्क : एकाच जनावराला आपण तीन जाती दिल्या. गंमत अशी, की ज्या अमेरिकी बार्बेक्यूसाठी आपण हा शब्द धुऊन घेतो, ती कला तिथल्या दक्षिणेत मुख्यतः गुलाम केलेल्या काळ्या स्वयंपाक्यांच्या हातून घडली. खांदा हा तिथेही स्वस्तातला, चिवट तुकडा. म्हणून तर त्याला इतका वेळ द्यावा लागतो.

शाहू पाटोळ्यांनी २०१५मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठी पाकपुस्तकांनी कोणाची चूल वगळली ते दाखवलं. आता चूल वगळत नाही, फक्त तिचं नाव बदलून घेतो. ज्यांच्या घरात हे मांस पिढ्यान्‌पिढ्या शिजलं, त्यांना आपला शब्द छापायला लायक नाही हे यातून बरोबर कळतं.

कुणी खावं, कुणी खाऊ नये, हा ज्याच्या त्याच्या धर्माचा आणि जिभेचा प्रश्न. पण अनुवादकानं शब्दाला आंघोळ घालून आत घ्यायचं काम करू नये. संपादकांनी ते मागू नये.