टँकरवरचं नाव

डिसेंबर लागला की नागपूरकर माणूस आपोआप निवेदनांचा जाणकार होतो. मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यांपायी ज्याचं वर्षानुवर्षं ऑफिसला उशिरा पोचणं ठरलेलं, त्याला मागण्यांची भाषा शिकवावी लागत नाही. ‘प्रलंबित’, ‘तातडीने’, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ ही शब्दसंपदा आमच्याकडे हुरड्यासारखी थंडीतच पिकते. माझ्या या ज्ञानाचा फायदा उठवायचं या आठवड्यात मध्य प्रदेशातल्या खातेगावच्या भाच्याने ठरवलं. बहीण खातेगावला दिली आहे हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. तिच्या घरच्या डॉलर चण्यावर एक अख्खं सदर खर्ची घातलं होतं, तेव्हा एका वाचकाने ‘चणे पाठवा, लेख नको’ असं कळवलं होतं.

भाच्याचं तिथे खत-बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे गावातली सगळी नाराजी आधी त्याच्या काउंटरवर येते. चार मंडळींनी बसून आमदारांना द्यायचं एक ज्ञापन तयार केलं होतं. “मामा, विधायकजींच्या प्राथमिकता काय असाव्यात, ते लिहिलंय. जरा क्रम नीट लावून द्या.” ज्ञापन उघडलं, तर एकवीस मुद्दे आणि प्रत्येकापुढे ‘सर्वोच्च प्राथमिकता’.

भूगोल थोडक्यात सांगतो. नागपूरहून बैतूल, हरदा करत इंदूरला निघालं की हंडियाला नर्मदा लागते. पलीकडे नेमावर आणि थोडं पुढे खातेगाव. इंग्रजांच्या काळात हंडिया मध्य प्रांतात, म्हणजे आमच्या नागपूरच्या कारभाराखाली, आणि नेमावर होळकरांकडे. जिल्हा देवास, म्हणजे पवारांच्या जुन्या संस्थानाचा. 2013पासून सलग तीनदा इथून भाजपचे आशिष गोविंद शर्मा निवडून आलेत. 2023मध्ये त्यांनी माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचे चिरंजीव दीपक जोशी यांना हरवलं. जोशी तेव्हा काँग्रेसमध्ये होते, नंतर भाजपमध्ये परतले. गंमत लोकसभेची आहे. देवास जिल्ह्यातले पाच विधानसभा मतदारसंघ तीन लोकसभा मतदारसंघांत वाटलेत. बागली खंडव्यात आणि खातेगाव विदिशात. त्यामुळे कलेक्टर शंभरावर किलोमीटर दूर देवासला, खासदारांचा मतदारसंघ पार भोपाळच्या पलीकडेपर्यंत, आणि खासदार कोण, तर देशाचे कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान. भूगोल संपला.

तर क्रम. मी भाच्याला म्हटलं, पहिला मुद्दा कुठला ते तू सांग, उरलेले मी लावतो. तो गप्प. मग म्हणाला, “रेल्वे पहिली घातली तर मूगवाले चिडतील. मूग पहिला घातला तर खिवनीकडचे म्हणतील, आमची घरं मोडली आणि तुम्हाला भावाची पडलीय.” मग नेमावरला नर्मदेतून उपसतात ती वाळू? “ते नाव पहिल्या पानावर नको, मामा. सह्या करणाऱ्यांत दोघांचे डंपर आहेत.”

मला राग आला तो इथे. प्राथमिकता म्हणजे कुणाला तरी ‘तू थांब’ म्हणायचं धैर्य. ते आमदाराकडे नसतं म्हणून आपण ओरडतो, आणि चार माणसांच्या बैठकीतही ते कुणाकडे नसतं. शेवटी भाच्याने तोडगा काढला: “आकडे काढूनच टाका, नुसते ठिपके द्या.” ठिपक्यांमुळे कुणी दुखावत नाही हे खरं. पण असा कागद हाती आल्यावर आमदाराने काय करायचं? तो त्यातलं सगळ्यात सोपं उचलतो. त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. निवडायला आपणच सांगितलेलं नसतं.

आणि मुद्दे काही फालतू नव्हते. उन्हाळी मुगाचंच घ्या. गहू निघाला की सोयाबीनच्या आधी जी दोन-सव्वादोन महिन्यांची फट मिळते, तिच्यात नर्मदाकाठचा शेतकरी मूग बसवतो. पाऊस डोक्यावर आलेला असतो, म्हणून उभं पीक लवकर वाळावं यासाठी तणनाशक फवारून हार्वेस्टर घालतात. 2025च्या उन्हाळ्यात राज्य सरकारने याच फवारणीकडे बोट दाखवत हमीभावाच्या खरेदीला आधी नकार दिला. शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा जूनमध्ये खरेदी ठरली, 8682 रुपये क्विंटलने. त्याच जूनमध्ये खिवनी अभयारण्यात वनखात्याने ऐन पावसाच्या तोंडावर आदिवासींची घरं पाडली, खातेगावात मोर्चा निघाला, आणि केंद्रातले कृषिमंत्री आदिवासींना घेऊन स्वतःच्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांकडे गेले. रेल्वेचं म्हणाल तर इंदूर-बुधनी हा 205 किलोमीटरचा नवा मार्ग कन्नौद-खातेगाववरून जायचा आहे. गाडी यायची तेव्हा येईल, तूर्त जमिनीच्या मोबदल्याचे वाद आलेत.

आता यातलं आमदाराच्या हातात काय, ते पाहा. मुगाचा भाव दिल्ली ठरवणार आणि खरेदी भोपाळ. रेल्वे दिल्लीची. अभयारण्य वनखात्याचं. आमदाराकडे उरतं सभागृहातला प्रश्न, अधिकाऱ्याला लावायचा फोन आणि आमदार निधी. आपल्याकडे तो निधी वर्षाला 5 कोटींचा आहे, मध्य प्रदेशात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यातून आपले आमदार सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट देतात. मध्य प्रदेशातले आमदार देतात टँकर.

टँकरवर बोलायचं हे या लेखाच्या योजनेत नव्हतं. पण खातेगावच्या रस्त्याने माझ्यासारखं खिडकी धरून बसणाऱ्याला (मला बस लागते) टँकरशिवाय दुसरं काही दिसतच नाही. ट्रॅक्टरला जोडायचा, दोन चाकांचा, निळा नाहीतर पांढरा, आणि पोटावर दोन्ही बाजूंनी विधायक निधीची पाटी. ग्रामपंचायतीचं नाव बारीक अक्षरात, आमदारांचं इतकं मोठं की शेवटचं अक्षर टाकीच्या गोलाईवरून खाली वळलेलं. आमदार बदलले की नावावर नवा रंग बसतो. पण जुना रंग हट्टी असतो, दोन-तीन पावसाळ्यांत खालचं नाव पुन्हा वर येतं आणि एकाच टाकीवर दोन पक्ष नांदू लागतात. एका गावाच्या वळणावर बस थांबली तेव्हा असाच एक टँकर जवळून पाहिला. पुढच्या टोकाखाली दोन विटा, मागची तोटी गेलेली आणि तिच्या जागी सायकलच्या ट्यूबने आवळून बसवलेलं मक्याचं कणीस. पाणी ठिबकत होतं आणि खाली एक कोंबडी निवांत पीत होती.

बहीण सांगते, टँकरचं पाणी उन्हाळ्यात महिनाभर, बाकी वर्षभर तो लग्नाला. मंडपाच्या मागे टँकर उभा नसेल तर वरपक्ष नाक मुरडतो. लग्नं नसतील तेव्हा कुणाच्या तरी घराच्या स्लॅबला पाणी मारतो. तो नेमका कोणाच्या अंगणात उभा असतो, हे गावागावांत सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. म्हणजे पाणीपुरवठा योजना नळाने यायची तेव्हा येवो, लग्नकार्याची सोय मात्र सरकारी खर्चाने झाली.

आमदाराला टँकर आवडतो ते उगीच नाही. तो एका दिवसात देता येतो. त्याला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, सरपंचाच्या हाती हुक सोपवतानाचा फोटो निघतो. मुख्य म्हणजे त्याला दोन मोठ्या, रिकाम्या बाजू असतात. कुठलं काम आधी होणार हे ज्ञापनातल्या क्रमाने ठरत नाही, कशावर नाव रंगवता येतं यावर ठरतं. सभागृहात विचारलेल्या प्रश्नावर नाव रंगवता येत नाही. वेळेवर झालेल्या मूगखरेदीवर नाही. देवासला एका फेरीत झालेल्या कामावर तर नाहीच.

आणि डीपीवरही नाही. ज्ञापनात एकविसावा मुद्दा डीपीचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरचा होता, तोही कुणाच्या तरी आग्रहाने शेवटी घुसवलेला. खरं तर आमदाराचा फोन हिवाळ्यात सर्वांत जास्त वाजतो तो याच कारणाने. शेतीला दहा तास वीज म्हणायची, पण गव्हाच्या पाण्याला सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपी जळते. थकबाकीचा काही भाग भरल्याखेरीज नवी मिळत नाही. पाच जणांनी भरलेलं असतं, सहावा भरत नाही, आणि सहाही शेतं वाळतात. मग सगळे मिळून आमदाराला फोन. हे काम झालं तर कुणी हार घालत नाही. झालं नाही तर अख्खी वस्ती लक्षात ठेवते.

म्हणून भाच्याला माझ्यातर्फे बाविसावा मुद्दा घालायला सांगितलाय. यापुढे आमदारांचं नाव टँकरवर नको, डीपीवर रंगवा. ठळक अक्षरात, खाली मोबाइल नंबरासकट. भाचा म्हणाला, “मामा, यावर सही कोण करेल?” मी म्हटलं, डंपरवाल्या दोघांना विचार. डीपी त्यांच्याही शेतात जळतेच की.