तिळगुळाचे पत्र हातचे असावे

मकरसंक्रांत हा स्नेहाचा सण होय. 'स्नेह' या शब्दाचे तेल आणि प्रेम असे दोन अर्थ आहेत. पहिला तिळाच्या पोटात असतो, दुसरा तिळगुळाच्या देवघेवीत. परंतु जे आप्त दूरगावी आहेत त्यांच्या हातावर तिळगूळ कसा ठेवावा? मराठी घरांनी या प्रश्नाचे उत्तर टपालातून शोधले होते. छोटेसे रंगीत शुभेच्छापत्र आणि सोबत कागदाच्या पुडीत हलव्याचे चार दाणे, अशी पाकिटे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संक्रांतीच्या सुमारास घरोघर येत असत.

आज त्यांची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली आहे. एकच चित्र क्षणात शंभर जणांना जाते. त्यात गैर काही नाही. तयार शुभेच्छांची सोय तशी जुनीच आहे. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळाचे शुभेच्छापत्र छापून घेतले, तेही इतकी पत्रे हाताने लिहिण्यास सवड नव्हती म्हणून, असे सांगतात. आपल्याकडे २०१३ साली तारसेवा बंद झाली, तोवर ठरावीक क्रमांकाचे शुभेच्छासंदेश तारेने जात. वेळ वाचविणे हाच या सर्वांचा हेतू. आमचे म्हणणे एवढेच की, वर्षातून एकदा, मोजक्या माणसांसाठी, हा वेळ वाचवू नये, तो द्यावा.

त्यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेचा मान असतो. काळ्या जाड कागदावर पांढरे ठिपके काढले की चंद्रकळेचा पोत साधतो. पतंगाच्या कागदाचे तुकडे मुलांना खळीने चिकटवू द्यावेत. आत पांढरा कागद लावून माथ्यावर 'श्री', खाली नात्यासह नाव आणि स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात. लाडू प्रवासात मोडतो, हलवा टिकतो. टपालशिक्क्याखाली त्याचा चुरा होऊ नये म्हणून पुडी पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात ठेवावी.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. जुन्या लग्नपत्रिकांवरील देवदेवतांची चित्रे कापून अशा पत्रांवर चिकटवू नयेत. सण सरला की पत्र कोठे जाऊन पडेल, हे आपल्या हाती नसते. ज्या रूपापुढे आपण हात जोडतो ते उद्या पायदळी येऊ नये. सुगड, ऊस, गव्हाची ओंबी, पतंग ही सणाचीच चिन्हे पुरेशी आहेत.

आता हे पत्र प्रथम कोणास पाठवावे? आमच्या मते, ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्यास. वाटणीच्या वादात दुरावलेला भाऊ, मानपानावरून माहेरी येईनाशी झालेली बहीण, अशी एखादी रिकामी जागा पुष्कळ घरांत असते. समोर गेल्यास शब्द फुटत नाही, दूरध्वनीवर आवाज चढण्याचे भय असते. पत्राला ही अडचण नाही. मात्र त्यात जुना हिशेब नको, स्वतःची बाजू नको. 'गोड बोला' असे आपण दुसऱ्यास सांगतो. पण पहिला गोड शब्द सांगणाऱ्याचाच असला पाहिजे. हलवा करताना मंद आचेवर थोडाथोडा पाक घालून दाणे हलवीत राहावे लागते, तेव्हा कोठे त्यावर काटा उमटतो. कागद कातरता-चिकटवताना ज्याच्यासाठी तो खटाटोप चालला आहे त्याचाच विचार मनात घोळत राहतो, आणि मनातली अढी हळूहळू सैल होते.

उत्तर न आले तरी खेद मानू नये. संक्रांत हे दानाचे पर्व आहे आणि परतफेडीच्या आशेने दिलेले दान उणेच ठरते. टपालास उशीर झाला तरी चिंता नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. तेव्हा यंदा सुगडांची पूजा झाली की घरातील सर्वांनी मिळून असे एक तरी पाकीट सिद्ध करावे, आणि त्यावर तो पत्ता घालावा, जो लिहिण्यास हात सर्वांत अधिक अडखळतो.