कांद्यातला गुण आणि कॅप्सूलची किंमत



घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विसर पडू लागला, की 'मेंदूची ताकद वाढविणारी' बाटली घ्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा काही बाटल्यांवर 'क्वेर्सेटिन' हे नाव असते. ते काय आहे, हे आज आपण पाहू.

क्वेर्सेटिन हे वनस्पतींत तयार होणारे फ्लॅव्होनॉइड जातीचे द्रव्य. आपल्या भाकरीसोबतच्या कांद्यात ते भरपूर असते. पांढऱ्यापेक्षा लाल कांद्यात जास्त आणि आतल्यापेक्षा बाहेरच्या पाकळीत जास्त. म्हणून कांदा सोलताना वाळलेले साल तेवढे काढावे, जाड पाकळी फेकू नये.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू वापरतो सुमारे २० टक्के. या कामात पेशींना इजा करणारे कणही तयार होतात. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढविलेल्या मज्जापेशींना क्वेर्सेटिन दिले, तेव्हा या माऱ्यातून त्या अधिक संख्येने वाचल्या. मात्रा फार वाढविली, तेव्हा मात्र त्याच पेशींना इजा झाल्याचेही दिसले.

बशीत हे द्रव्य थेट पेशीवर पडते. पोटात गेल्यावर आतड्यात आणि यकृतात त्याचे रूप बदलते व मेंदूपर्यंत फार थोडे पोहोचते. माणसाचा विसराळूपणा त्याने बरा होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

आम्ही हिशेबाची माणसे. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलीग्रॅम क्वेर्सेटिन, तर कॅप्सूलमध्ये बहुधा ५०० मिलीग्रॅम. म्हणून कॅप्सूल वरचढ, असे विकणारा म्हणेल. पण फायदाच सिद्ध नसेल, तर शून्याला कितीनेही गुणा, उत्तर शून्यच. उलट रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

तेच पैसे तपासणीला ठेवा. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइड बिघडले, तरी विसर पडतो. रक्ततपासणीत ते कळते आणि उपचाराने सुधारणा होऊ शकते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे आणि अपुरे शिक्षणही आहे.

तेव्हा कांदा जरूर खा, तो जेवणाचा भाग म्हणून. आजी-आजोबांचा रक्तदाब तपासून घ्या, बिडी सोडवा आणि मुलामुलींची शाळा सुटू देऊ नका.