पदकाची ढाल

ऑस्ट्रेलियाच्या स्पेशल एअर सर्व्हिस या निवडक पथकातील माजी कॉर्पोरल बेन रॉबर्ट्स-स्मिथ यांनी वृत्तपत्रांविरुद्ध चालविलेला अब्रुनुकसानीचा लढा सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी नाकारली आणि न्यायमूर्ती अँथनी बेसान्को यांचा जून २०२३ मधील निकाल कायम राहिला. अफगाणिस्तानात चार नि:शस्त्र माणसांच्या हत्येत या सैनिकाचा हात होता, हे वृत्तपत्रांचे प्रतिपादन सारतः सत्य आहे, असा तो निकाल. अर्थात दिवाणी न्यायालयाचा निष्कर्ष म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे; तेथे पुराव्याची कसोटी अधिक कडक असते. रॉबर्ट्स-स्मिथ यांनी तर सर्व आरोप नाकारले आहेत.

त्यांच्या शौर्याविषयी मात्र वाद नाही. जून २०१० मध्ये कंदहार प्रांतातील तिझाक येथे मशीनगनच्या माऱ्यासमोर ते धावून गेले आणि त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांच्यामुळे महाराष्ट्राला या पदकाचे मोल ठाऊक आहे. पुढे जे घडले ते शौर्याचे नव्हे, शौर्याच्या व्यापाराचे होते. २०१३ मध्ये सैन्य सोडताच ते ‘आदर्श पिता’ ठरले, राष्ट्रीय दिन परिषदेचे अध्यक्ष झाले, सेव्हन या दूरचित्रवाणी कंपनीत अधिकारी झाले. कॅनबेराच्या युद्धस्मारकात त्यांचा गणवेश व पदके मांडली गेली. या कंपनीचे प्रमुख केरी स्टोक्स हेच २०१५ ते २०२२ या काळात त्या स्मारकाचे अध्यक्ष होते, आणि दाव्याचा पैसाही त्यांच्याच गोटातून आला. नोकरी देणारा, पुतळा उभारणारा आणि वकिलांची बिले भरणारा हात एकच असावा, यात कोणाला काही वावगे वाटले नाही!

२०१८ मध्ये बातम्या छापून आल्यावर दावा गुदरला तो रॉबर्ट्स-स्मिथ यांनीच. पदक पाहून साक्षीदार दबतील, हा हिशेब असल्यास तो चुकला. खटला ११० दिवस चालला. सप्टेंबर २०१२ मध्ये दार्वान गावात हात बांधलेल्या अली जान या शेतकऱ्याला लाथ मारून कड्यावरून ढकलण्यात आले आणि मग गोळ्या घालण्यात आल्या, हे न्यायालयाने ग्राह्य धरले ते प्रामुख्याने त्यांच्याच पथकातील सैनिकाच्या साक्षीवरून.

घरात बसून रणांगणाचा न्याय करू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की येथे बोलले ते सैनिकच. शिवाय मेजर जनरल ब्रेरेटन यांच्या २०२० मधील अहवालात ३९ बेकायदा हत्यांची विश्वसनीय माहिती नमूद आहे, आणि त्यांतील एकही लढाईच्या धुमश्चक्रीत घडलेली नाही, असे तोच अहवाल सांगतो. मात्र त्याच अहवालाने दोषाचा भार मुख्यतः गस्ती तुकड्यांच्या नायकांवर ठेवला. वरच्यांना हे ठाऊक नव्हते म्हणे! २०२४ मध्ये काही अधिकाऱ्यांची पदके परत घेण्यात आली, एवढेच. त्याच वर्षी गोपनीय कागद पत्रकारांना देणारे लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइड यांना पाच वर्षे आठ महिन्यांची कैद झाली. सैनिकांची अकारण चौकशी होते, ही त्यांची मूळ तक्रार होती. त्यांचे कागद मात्र वेगळेच बोलले.

अफगाण गावकऱ्यांनी काबूलमधून दृक्श्राव्य यंत्रणेद्वारे साक्षी दिल्या, तेव्हा २०२१ चा जुलै संपत आला होता. १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती गेले. आणखी तीन आठवडे उशीर झाला असता, तर त्या साक्षी न्यायालयापर्यंत पोहोचल्या असत्या की नाही, कोण सांगणार?