जर्दाळूची बी कुंडीत खोचलीत?

जर्दाळू खाऊन झाले की बी काही टाकवत नाही. ती कुंडीत खोचली जाते आणि मग रोज सकाळी डोकावणं सुरू! रोप येईलही कदाचित, पण फळाची आशा धरू नका. हे झाड लडाख-हिमाचलाकडचं. थंडीत पानं गाळून ते झोपी जातं आणि साधारण ७ अंशांखालचा गारवा शेकडो तास मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या धड फुटत नाहीत. आपल्या मुंबईत जानेवारीतसुद्धा रात्रीचा पारा १५च्या खाली क्वचितच उतरतो. खत घाला नाहीतर नवस बोला!

बी फोडून आतला गर मुलं बदाम म्हणून खातात, तिकडे मात्र लक्ष असू द्या. कडू लागला की थुंकायला सांगा. कडू गरातून पोटात सायनाइडचं विष तयार होतं.

फळझाडाचीच हौस असेल तर कागदी लिंबू लावा. बियांपासून फळाला पाच-सहा वर्षं लागतात, म्हणून गुटी कलमच आणा. पाच-सहा तास ऊन हवंच. डबा दीड फुटाचा, तळाला भोकं. गिरगाव-लालबागकडच्या जुन्या चाळीत लाकडी गॅलरी असेल तर ओल्या मातीचं वजन विसरू नका. डबा एकच, तोही कठड्याशी नाही, भिंतीलगत. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते, हाताने वेचा. आणि खालच्या ताटलीतलं पाणी रोज ओतून टाका, डेंग्यूचे डास त्यातच होतात.